आतल्या कडीची मोहीम

श्री मैदानदेवता प्रसन्न असो.

मैदान सुधार समितीचे अध्यक्ष, कचेरीतून मानाने निवृत्त, मूळ वतन कोकणप्रांत, राजमान्य राजश्री नारायणराव यांणी आज्ञा केली की, सिल्वासा मुलुखी नरोलीच्या वाटेवर जे सार्वजनिक मैदान आहे त्याची सुधारणा कैसी जाहली, कोणी किती शर्थ केली, ही हकीकत पुढील पिढ्यांकरिता साद्यंत लिहून ठेवणे. आज्ञा शिरसावंद्य. परंतु सेवकाने आरंभीच कबूल केलेले बरे, की या हकीकतीत हत्ती नाहीत, तोफा नाहीत, आणि घोडा म्हणावा तर एक स्कूटर आहे, तीही पहिल्या किकेस उठत नाही. मोहीम अवघी एका कडीची, आणि ती कडी वीतभर लांब. तथापि लहान गोष्टीस मोठी भाषा नेसवणे हाच बखरीचा धर्म, सबब लाज सोडून लिहितो.

पूर्वी हे मैदान म्हणजे दगड, बाभळी आणि शेळ्या यांचे संस्थान होते. भोवती कारखाने, कारखान्यांमागे चाळी, चाळींतून खानदेशाहून आलेली रयत भाड्याच्या खोल्यांत राही, आणि पाळी सुटल्यावर जेवढा उजेड उरे तेवढ्यात तरणी माणसे येथे खेळत आणि गुडघे फोडून घेत. मग सरकारातून निधी आला, आणि समिती नेमली गेली, आणि समितीवर सगळे पुरुषच नामजाद जाहले, कां की बायकांस पुसावे हे कोणास सुचले नाही. मग समितीने दगड वेचविले, आणि बाभळी तोडविल्या, आणि शेळ्यांशी तह केला, आणि फरसबंद वाट केली, आणि व्यायामाची लोखंडी यंत्रे रोवली, ज्यांवर हल्ली टॉवेल वाळतात, आणि लाल माती आणून कबड्डीचे मैदान आखले, आणि सर्वांवर कळस म्हणोन महिला खेळाडूंकरिता एक पक्की खोली बांधली. खोलीस चार भिंती, एक आरसा, एक नळ, कोपऱ्यात संडास, आणि लोखंडी पत्र्याचे दार.

खोली तयार होताच समितीची स्वारी पाहणीस निघाली, आणि येथेच इतिहासास ठेच लागली. खोली बायकांची, म्हणजे जनाना. तेथे परपुरुषाने पाऊल टाकणे अदबीस सोडून, म्हणोन अवघे सरदार उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहते जाहले. भिंत बाहेरून पाहिली, रंग बाहेरून पाहिला, दाराची कडी बाहेरून पाहिली. कडी मातबर होती, हत्तीने ओढिली तरी न निघावी ऐसी (हत्ती नाहीत हे वर लिहिलेच आहे). नारायणरावांनी ती लावून पाहिली, काढून पाहिली, आणि शेरा दिला की बंदोबस्त उत्तम. आतल्या अंगास कडी आहे वा नाही हे अदबीपायी कोणी पाहिले नाही. ती नव्हती. ठेकेदाराने सामानखोलीचाच नकाशा वापरिला होता, आणि सामान काही आतून कडी लावीत नाही.

या खोलीच्या भरवशावर कबड्डीची फौज उभी राहिली. फौज म्हणजे धाग्याच्या कारखान्यातील पोरी, मोजून सात. सरलष्कर जया, शहाद्याकडची, जिच्या पकडीतून सुटलेली अद्याप ऐकिवात नाही. पोरी सकाळपाळीतून सुटून कोणी आधी, कोणी मागाहून येत, आणि कारखान्याचे कपडे बदलून मैदानात उतरत. परंतु दार आतून लागेना. वारा आला की उघडे, आणि क्रिकेटवाले चेंडू शोधीत येत तेही दारच ओढीत. मग ऐसे ठरले की एकीने सदैव दारावर उभे राहावे.

ती एक सोनम. ती उंच, सबब लांबून दिसे, आणि नाही म्हणणे तिला जमत नसे. सहा खेळत आणि सातवी दार धरी. सोनम अवघी कबड्डी दारातून पाहून शिकली. बोनस रेषेवर पाय कैसा टाकावा, हे ती उभ्या जागीच घोकी, आणि एक पाय पुढे टाकून मागे घेई, तेव्हा येणारीजाणारी पुसत, "मुंग्या आल्या का गं पायाला?"

इतक्यात शेजारच्या सायली गावच्या संघाशी रविवारी सामना ठरला. आणि त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसापासून सोनमची पाळी बदलून दुपारची व्हायची होती. म्हणजे संध्याकाळ गेली, आणि सराव गेला, आणि खेळही गेला. रविवार तेवढा हाती होता. परंतु सायलीच्या पोरीही त्याच खोलीत कपडे बदलणार, सबब दारावर यजमानांकडील एक हवीच, आणि आठवी कोणी मिळेना, कां की बाकीच्यांस ओव्हरटाइम. सोनमने एकदा तरी मैदानात उतरावे, एवढ्याकरिता ही मोहीम. याहून थोर कारण सेवकास सापडले नाही. शोधले पुष्कळ.

पहिली चढाई खिळ्यांची. जयाने बाजारातून कडी आणिली, आणि खिळे आणिले, आणि दगडाने ठोकू लागली. दार लोखंडी. खिळे वाकले, दगड फुटला, दार जैसे थे. जयाच्या अंगठ्याने शिकस्त खाल्ली.

दुसरी चढाई ओढणीची. दाराच्या मुठीस ओढणी बांधिली आणि तिचे दुसरे टोक नळास. तोंच वारा आला आणि दाराने जोर केला. ओढणी तुटली नाही, कां की धागा त्यांच्याच कारखान्याचा. नळ मुळासकट बाहेर आला. मग पाण्याचा जो लोंढा उसळला त्याचे वर्णन करावे तर

(येथे चार ओळी भिजून गेल्या आहेत. सेवकाने आठवून पुन्हा लिहिल्या असत्या, परंतु त्यांत समुद्रमंथनाची उपमा होती, ती गेली ते बरेच जाहले.)

नळ गेला तेव्हा समितीस प्रथम कळो आले की आत काही गडबड आहे. मग मसलत बसली, आणि चहा आला, आणि फर्मान सुटले:

हुकूम ऐसाजे. सदर दाराची ठेकेदाराने एक सालाची गॅरंटी दिली असे. दारास छिद्र पाडलियास गॅरंटी रद्द होईल. सबब सालभर कोणी छिद्र पाडू नये. खेळाडूंनी धीर धरावा. तूर्त पाटी लावण्यात यावी.

त्याप्रमाणे "आत महिला आहेत" ऐसी पाटी रंगवून खोलीपुढे रोविली. आत महिला असोत वा नसोत, पाटी अष्टौप्रहर तेच म्हणे, म्हणोन तिचे कोणी ऐकेना, आणि लवकरच क्रिकेटवाल्यांनी ती उपटून तिचा स्टंप केला.

मग जया स्वतः समितीपुढे उभी राहिली. नारायणराव म्हणाले, "हे बघ पोरी, लोखंडी दाराला दोन्हीकडून कडी असते, ही रीतच आहे. तुम्हाला दिसली नसेल."

"सातही जणींना नाही दिसली?"

"घाईत असता तुम्ही."

"मग काका, तुम्हीच एकदा आत जाऊन बघा ना."

"बायकांच्या खोलीत? मी?"

"कोणी नसताना जा. आम्ही असताना या, असं थोडीच म्हणून राहिले."

समितीचे सचिव चेतन यांस हसू आले, ते त्यांनी चहात बुडविले.

शुक्रवारी, पाळी सुटण्याच्या आधी, नारायणराव स्कूटरवर स्वार होऊन एकटेच मोहिमेवर निघाले. मोबाइल डिकीत ठेविला. खोलीपुढे येऊन तीन वेळा खाकरले, आणि आत कोणी नाही ऐसी खात्री करून, डोळे अर्धे मिटून, उंबरा ओलांडते जाहले. आतल्या अंगाची कडी पाहायची तर दार लोटून घेणे आले, म्हणोन दार लोटले. वर पाहिले, खाली पाहिले, बिजागरीकडे पाहिले, आरशामागेही पाहिले, कां की कचेरीत हरवलेली वस्तू बहुधा भलत्याच जागी मिळे.

इतक्यात मैदानाची झाडलोट करणारी तानूबाई तेथून चालली. दार कडी न लावता लोटलेले राहिले तर आत कुत्री निजतात, आणि शिव्या तानूबाईस बसतात, म्हणोन तिने रोजच्याप्रमाणे बाहेरची कडी घातली आणि झाडू खांद्यावर टाकून घराकडे गेली.

बंदोबस्त उत्तम होता. नारायणराव कैद जाहले.

त्यांणी हाका मारिल्या, दार बडविले, पुन्हा हाका मारिल्या. क्रिकेटवाल्यांस दाराचा आवाज तेवढा ऐकू गेला, परंतु त्यांस वाटले की आत महिला आहेत, आणि आयुष्यात प्रथमच त्यांणी अदब पाळिली आणि दूर गेले.

मग पाळी सुटली आणि पोरी आल्या. सोनम सवयीने दाराशीच उभी राहिली, तों आतून धडधड.

"कोण आहे आत?"

"मी. नारायण."

जया पुढे आली. "लेडीजच्या रूममध्ये काय करून राहिले काका?"

"पाहणी."

"करा ना आरामात. आतून कडी लावून घ्या, म्हणजे कोणी येणार नाही."

मग बारीक आवाज आला, "आतून कडी नाही."

"नीट बघा. दिसली नसेल तुम्हाला. घाईत असाल."

पोरी पोट धरून खाली बसल्या. एकली सोनम हसली नाही. ती पत्र्याला तोंड लावून म्हणाली, "काका, घाबरू नका. मी दारावर उभी आहे."

ऐसे म्हणोन तिने कडीस हात घातला, तों जयाने तो हात धरिला, आणि जयाची पकड कैसी हे वर लिहिले आहे. मग दारावरच्या झरोक्यातून वाटाघाट सुरू जाहली.

"काका, भास्करभाऊला फोन लावू? मसाटला फॅब्रिकेशनचं काम करतो. ड्रिल घेऊन येईल."

"अगं, दाराची गॅरंटी जाईल."

"बरं. मग सालभर धीर धरू. तुम्ही आत धरा, आम्ही बाहेर धरतो."

येथे बखरीच्या रिवाजाने मोठे भाषण हवे होते. जाहले ते एवढेच: "गॅरंटी गेली खड्ड्यात. लाव फोन."

याप्रमाणे पूर्वीचे फर्मान रद्द होऊन नवे जारी जाहले. सोनमने कडी काढिली. नारायणराव घामाघूम बाहेर आले, आणि चष्मा पुसला, आणि तो घालून प्रथम सोनमकडे पाहिले.

"तू रोज इथेच उभी असतेस?"

"हो काका."

"कधीपासून?"

"उद्घाटन झालं तेव्हापासून."

"आणि खेळतेस कधी?"

सोनमने पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढिली. तिच्या ऐवजी जया बोलली, "तेच तर सांगून राहिलो ना आम्ही."

नारायणरावांनी मान डोलवून चूक कबूल केली. कचेरीत ऐसे होत नसे.

भास्कर आला. सोबत ड्रिल, आणि कारखान्याच्या फाटकास शोभावी ऐसी जाड कडी. त्याने पुसले, "साहेब, कुठल्या बाजूने लावायची?"

"आतून रे बाबा. आतून."

"मग मी आत बसतो. हे दार हलतंय वाऱ्याने, कोणीतरी बाहेरून धरून ठेवा."

हे ऐकताच सोनम पुढे जाहली, कां की दार धरणे म्हणजे ती. तेव्हा नारायणरावांनी तिला बाजूस सारिले, आणि स्वतः दोन्ही हातांनी दार धरिले, आणि म्हणाले, "तू जा. खेळ जा."

ड्रिल चालू जाहले. लोखंडाचा भुगा उडून अध्यक्षांच्या सदऱ्यावर बसला. आणि मैदानाच्या सुधारणेत प्रथमच सात पोरी एका वेळी लाल मातीत उतरल्या. जागा कोणती घ्यावी हे सोनमला उमजेना. ती मध्येच उभी राहिली, जणू तेथेही एखादे दार असावे. जयाने तिला कोपऱ्यात नेऊन उभे केले आणि तिचा हात आपल्या हातात गुंफिला.

शनिवारी समितीच्या मनात आले की कडीचे रीतसर उद्घाटन व्हावे. चेतन फीत घेऊन गेले, तों दार आतून बंद. कोणी तरी आत होते. त्यांणी बराच वेळ वाट पाहिली आणि फीत घेऊन परत आले. कडीच्या मजबुतीचा याहून मोठा दाखला दफ्तरी नाही.

रविवारी सामना जाहला. सायलीकर जिंकले आणि चांगले खेळून जिंकले, परंतु हा मजकूर गौण होय. मुख्य मजकूर तो येणेप्रमाणे. खोलीचे दार सामनाभर कधी लागे, कधी उघडे, आणि त्यापुढे कोणीही उभे नव्हते. सोनम सातवी म्हणोन मैदानात उतरली. पहिल्याच चढाईत ती बोनस रेषेपर्यंत गेली, आणि पाय पुढे टाकिला, आणि सायलीच्या एकीने तो पाय घोट्यास धरिला, आणि चौघी तिच्यावर पडल्या. पंचाने शिटी वाजविली आणि हात करून तिला बाद दिले. ती धूळ झाडीत बाहेर येऊन बसली. शेजारी नारायणराव होते. त्यांस फार वाईट वाटले, कां की कबड्डीचे नियम त्यांणीही बाहेरूनच पाहिले होते.

"संपलं का गं तुझं?" त्यांणी हळूच पुसले.

"नाही काका. आपण त्यांची एक बाद केली, की मी परत आत."

इतक्यात सायलीची एक चढाईस आली आणि कोपऱ्यात जयाच्या हाती सापडली. शिटी वाजली. सोनम उठली.

येणेप्रमाणे महिला खेळाडूंच्या खोलीस आतून कडी लागली आणि मोहीम फत्ते जाहली. सामना हरलो, गॅरंटी गेली, पाटी अद्याप क्रिकेटवाल्यांकडे आहे. सोनम आत गेली, हे पाहून लिहिले आणि लेखणी ठेविली.