सेवाज्येष्ठतेनुसार ओहमचा नियम

अभ्यासक्रम आखणे आणि लग्नाची पंगत बसवणे ही दोन्ही कामे एकाच शास्त्रात मोडतात. काय वाढायचे हा प्रश्न दोन्हीकडे आचाऱ्यावर सोडता येतो. कुणाला कुठे बसवायचे, हा खरा प्रश्न. हे शास्त्र ज्याला साधले तो मोठा होतो, आणि ज्याला साधत नाही तो नुसताच विद्वान राहतो.

धुळ्यात देवपूर भागातल्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९९१ साली विद्युत-यांत्रिकी तंत्रज्ञानाच्या पदवीची मंजुरी मिळाली, तेव्हा अभ्यासक्रम आखण्याचे काम प्रा. झुलाल देवरे यांच्याकडे आले. ते त्यांच्याकडेच का आले, याला कारण होते. झुलाल अकरा वर्षे हंगामी होता. दर एप्रिलला त्याची नोकरी जायची आणि दर जूनला लागायची. अकरा वेळा नोकरी लागलेला आपण जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ आहोत, असे तो पाहुण्यारावळ्यांत सांगे आणि स्वतःच सगळ्यात आधी हसून घेई. अशा माणसाचा स्वभाव आपोआप समन्वयवादी होतो.

संस्थेचे अध्यक्ष तोतारामआबा यांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितले, "भाऊ, एकबी सर नाराज व्हवाले नको. पह्यला सत्रना निकाल लागना का तुमना कायमना कागदवर मी सही करस."

समितीत चौदा जण होते. एकूण सभा सात झाल्या. हिवाळा असल्याने सातही सभा शेतात भरल्या, कारण खानदेशात हिवाळ्यात चौदा माणसे एकत्र आली आणि भरीत झाले नाही, तर त्या भेटीला भेट म्हणत नाहीत. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची, आणि मग उच्च शिक्षणाकडे वळायचे, असा शिरस्ता पडला. (सात सभांत वांगी सत्तावन्न किलो लागली आणि विषय चाळीस ठरले, म्हणजे विषयामागे दीड किलोच्या आत. हे प्रमाण अत्यंत काटकसरीचे मानावे लागेल.)

पहिल्या तीन सभा पदवीच्या नावावर गेल्या. 'विद्युत' आधी की 'यांत्रिकी' आधी? वीजवाले सात आणि यंत्रवाले सात. अखेर नावात विद्युत आधी आणि चहा यांत्रिकीला आधी, असा तोडगा झुलालने काढला. लोक म्हणाले, माणूस मुरलेला आहे. झुलाललाही क्षणभर तसे वाटले.

चौथ्या सभेत विषयांचा क्रम निघाला आणि भरीत घशात अडकले. वीजशास्त्राची मूलतत्त्वे पहिल्या सत्रात ठेवावीत, असे झुलालने भाबडेपणाने वाचून दाखवले. तो विषय रुपचंद सरांचा. सर सर्वांत ज्येष्ठ, सेवा सव्वीस वर्षे, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांनी एका पिवळ्या पडलेल्या वहीतून ओहमचा नियम आणि त्याच्या आसपासचा परिसर एवढेच शिकवले होते. सरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे सव्वीस वर्षांनी मी पहिल्या वर्षाच्या पोरांपुढे उभा राहू?"

त्या रात्री झुलालने आधीचा मसुदा बाजूला ठेवला, कार्यालयातून आणलेली सेवाज्येष्ठतेची यादी समोर घेतली, आणि तिच्यावर आठ सत्रे खालून वर बसवली. सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकाला सर्वांत वरचे सत्र. सर्वांत कनिष्ठाला पहिले. काम पाऊण तासात झाले. इतकी निर्दोष रचना आपल्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती, हे तो मान्य करतो.

त्यानुसार आठव्या सत्रात ओहमचा नियम आला. सातव्यात नट, बोल्ट व पान्यांची ओळख. सहाव्यात पट्टी व कंपास वापरून आकृती काढणे. खाली खाली येत पहिल्या सत्रात स्वयंचलित नियंत्रण प्रणाली आली, कारण ती शिकवणारे अमरसिंग पावरा चार महिन्यांपूर्वीच रुजू झाले होते. अंतिम प्रकल्पही पहिल्याच सत्रात गेला. (प्रकल्पाला मार्गदर्शन करण्यात पायपीट फार असते, आणि पायपीट ही कनिष्ठांची.)

पाचव्या सभेत हे वाचून झाल्यावर अमरसिंगने हात वर केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून वसतिगृहे करत करत शिकलेला माणूस, सभेत कसे वागावे याचे संस्कार कमी पडलेले.

"सर, मुलं पहिल्या सत्रात वीज ताब्यात ठेवायला शिकणार, आणि वीज म्हणजे काय ते चौथ्या वर्षी?"

तोतारामआबांनी त्याच्याकडे मायेने पाहिले. "पोरे काय, आज ना उद्या शिकी लेतीन. सरना मान गया तं परत येस का?"

रुपचंद सरांनी आणखी एक भाकरी मागून घेतली आणि अभ्यासक्रम एकमताने मंजूर झाला. उरलेल्या दोन सभा निव्वळ भरिताच्या झाल्या.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, तेव्हा जागा साठ आणि अर्ज तेवीस अशी स्थिती होती. कर्मचाऱ्यांनी आपल्या मुलांना घालून संस्थेवरचा विश्वास प्रकट करावा, असे परिपत्रक निघाले. झुलालची मुलगी सुनंदा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि जळगावला जायचे म्हणत होती. झुलालने तिचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. प्रमिलाबाईंनी नवऱ्याला एकच विचारले, "कोर्स चांगला शे ना?" तो म्हणाला, "मीच बनाडेल शे." एवढा धडधडीत सत्य असलेला आणि तरीही एवढा खोटा जबाब त्याने आयुष्यात दुसरा दिला नाही.

महिनाभरात सुनंदा पुस्तक घेऊन पुढे बसली. "नाना, माले काईच समजत नही. हाई बठ्ठं उलटं शे का?"

झुलालला लाज वाटली. फार वाटली. त्याने तिला पंखा जरा कमी करायला सांगितले.

सुनंदा बापापेक्षा सरळ डोक्याची होती. उलटे असेल तर शेवटून वाचावे, असे तिने ठरवले. रुपचंद सरांच्या वहीची एक जुनी नक्कल मिळवून तिने श्रावणात ओहमचा नियम उरकला, नवरात्रात नट-बोल्ट केले, दिवाळीत पट्टी-कंपास, आणि परीक्षेपर्यंत पायऱ्या उतरत उतरत पहिल्या सत्रात येऊन पोचली. पहिल्या वर्षाची परीक्षा महाविद्यालयच घेत असे. निकाल लागला: बसलेले एकतीस (आठ कर्मचारी-अपत्ये धरून), नापास तीस, उत्तीर्ण एक. सुनंदा झुलाल देवरे, एकाहत्तर टक्के.

तीस नापास झाले याचे कुणालाच नवल वाटले नाही. अवघड कोर्सचे तेच लक्षण. पण एक पास कशी झाली, या प्रश्नाने संस्था हादरली. चौकशी समिती नेमण्यात आली. अभ्यासक्रमाची सर्वाधिक माहिती असलेले म्हणून निमंत्रकपद प्रा. देवरे यांना देण्यात आले.

पुरावा उत्तरपत्रिकेतच सापडला. पान चारवर विद्यार्थिनीने ओहमचा नियम उघडउघड वापरला होता. पान सहावर पुन्हा. रुपचंद सरांचा आवाज खरोखर भरून आला. "पोरं घरी बसून हे शिकायला लागली, तर आठव्या सत्रात मी काय करायचं?" त्यावर समितीने असा निष्कर्ष काढला, की सदर विद्यार्थिनीने आठव्या सत्राचे ज्ञान पहिल्या सत्रात विनापरवाना बाळगले. सबब निकाल रद्द. तिने एक वर्ष घरी बसावे, आणि त्या मुदतीत सदर नियम विसरण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा.

तोतारामआबांच्या टेबलावर दोन कागद होते. एक हा ठराव. दुसरा झुलालला कायम करण्याचा, सहीविना. आबांनी सवयीने विचारले, "कोनी हरकत?"

अमरसिंग झुलालकडे पाहत होता. त्याने तोंड उघडले आणि मिटले. बाप समोर बसला असताना आपण काय बोलायचे, असे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिले होते. झुलालला सगळे बोलायचे होते. वाक्ये तयार होती, क्रमानेही होती, आणि या वेळी क्रम अगदी बरोबर होता. ती मुलगी या इमारतीत खरोखर काही शिकलेली एकमेव व्यक्ती आहे, इथपासून सुरुवात करायची होती. त्याने पेनाचे टोपण काढले आणि ठरावावर सही केली. मग आबांनीही दुसऱ्या कागदावर केली.

संध्याकाळी सुनंदा दारातच उभी होती. बातमी आधी पोचली होती.

"नाना, तुम्ही कसाले गप बठनात?"

"बेटा, काही नियम ऱ्हातस."

"कोनता? ओहमना?"

ती पुढच्या वर्षी जळगावला गेली, आणि बापाला विचारून गेली नाही. झुलाल कायम झाला, पुढे विभागप्रमुख झाला. त्या तीस जणांना पुनर्परीक्षेत मायेने पुढे ढकलण्यात आले. आठव्या सत्राचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागतो, आणि ते पदवीधर आज महत्त्वाच्या ठिकाणी बटणे दाबत आहेत.

इथवर वाचताना सुज्ञ वाचकांच्या मनात आलेच असेल, की बापाने त्या क्षणी उठून बोलायला हवे होते. झुलाललाही अगदी तसेच वाटत होते, तुमच्याइतकेच कळवळून, आणि तुमच्यासारखेच बसल्या जागी.