वरची तूर

गुरुपादय्यांची परखी वीतभर लांब होती आणि पोतं कमरेएवढं. लोखंडाची ही टोकदार नळी पोत्यात कुठेही खुपसली तरी मूठभर धान्य बाहेर काढते. पण गुरुपादय्यांना वाकायचा कंटाळा, त्यामुळे त्यांची परखी कायम पोत्याच्या तोंडाशीच शिरे. तेवढ्या ज्ञानावर आळंदमध्ये त्यांचा तुरीचा व्यापार चालला होता.

जगाची पारखही त्यांनी अशीच उरकली होती. भालकीच्या एका शिंप्यानं कापड खाल्लं, म्हणून भालकी लबाड. उमरग्याच्या एका कंडक्टरनं विसरलेली छत्री परत दिली, म्हणून उमरगेकर देवमाणसं. त्यांची काकू एकदा गल्ल्यावर बसली आणि सुट्या पैशांत चुकली, म्हणून बायकांना दुकान जमत नाही. त्यांची बायको श्रीदेवी रसायनशास्त्राची पदवीधर. दुकानात बसू का, असं ती लग्नापासून विचारत होती. उत्तर ठरलेलं असे: "बघू."

एक दिवस उमरग्याकडचा बळीराम टेम्पोभर तूर घेऊन आला. गावाचं नाव ऐकताच गुरुपादय्यांनी त्याच्यासाठी चहा सांगितला आणि एका पोत्याला परखी लावून सगळा माल घेतला. श्रीदेवी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "खालनंबी बघा की जरा."

"शितावरनं भात कळतोय."

"भात उकळीत खाली-वर व्हतोय. पोत्याला कुनी उकळी आणली?"

गुरुपादय्या बळीरामकडे बघून हसले. बायका अशाच, एवढाच त्या हसण्याचा अर्थ.

त्याच आठवड्यात कलबुर्गीच्या डाळ मिलमध्ये त्यातली दोन-तीन पोती ओतून बघितली. वर टपोरी तूर, खाली ओली आणि किडकी. ट्रक माघारी आला. गुरुपादय्यांनी ताबडतोब चूक सुधारली, म्हणजे उमरगेकरांना भालकीकरांच्या रांगेत बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा सख्खा मामा उमरग्याहून तूर घेऊन आला, त्याला पायरीवरूनच परत धाडलं. मामानं माल समोरच्या दुकानात घातला. तो चांगला होता, अगदी तळापर्यंत.

संध्याकाळी मिलमालकानं कळवलं की आळंदचे व्यापारी सगळे असलेच, इथून पुढे आळंदचा माल नको. भरलेले ट्रक अडले. बाजारातले व्यापारी गुरुपादय्यांच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर गुरुपादय्या फोनवर काकुळतीला आले.

"सावकार, एका मानसावरनं समदं आळंद कामून धरायलाव?"

फोन पलीकडून कट झाला. रिकामा डबा न्यायला आलेली श्रीदेवी नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ते त्यांना सोसवेना.

"माझी पारख चुकत न्हाई," ते म्हणाले. "तुलाबी एक घास उपम्यावरनंच पसंत केलतो. चुकलो का?"

"उपमा वहिनीनं केलता."

तिनं त्यांच्या हातातली परखी घेतली, वाकली आणि परत आलेल्या एका पोत्याच्या बुडाशी खुपसली. नळीतून काळपट तूर तिच्या तळहातावर आली. ती तिनं नवऱ्यासमोर धरली.

"उद्यापासनं दुकानात मी बसनार."