यंत्रकारकुनाच्या अमलाची हकीकत

॥ श्री ॥ तारेस खंड न पडो, विजेची कृपा राहो, आणि सकळ खाविंदांस आपापले परवलीचे शब्द वेळेवर आठवोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, या साली एका राज्यी जे वर्तले ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. ऐकीव किती आणि पाहिलेले किती, हे वाचणाराने चाळून घ्यावे. राज्याचे नाव पुसू नये. नाव सांगावे तर नोटिसा येतात, आणि न सांगावे तर चार राज्ये उठून म्हणतात की हे आमचेच.

ते राज्य दुकानदारांस बिले फाडण्याचे आणि मालाचा हिशेब ठेवण्याचे सॉफ्टवेअर पुरवीत होते. गादीवर श्रीमंत यशोधनराव होते, गादी चाकांची होती, आणि श्रीमंत बोलता बोलता तीवर गर्रकन फिरत. गाऱ्हाण्यांचा फड वैजयंतीबाई पारसनीस यांजकडे होता, म्हणजे कोण्या दुकानी सॉफ्टवेअर अडले की दुकानदाराने फडास लिहावे आणि फडाने ते सोडवावे. बाईंचा शिरस्ता ऐसा की, दुखणे मागाहून पुसावे, आधी पुसावे, "समोर किती जण खोळंबलेत?" कारण ज्याच्या दुकानी गिऱ्हाईक ताटकळले त्याची दाद आधी. आणि नवा माणूस फडात आला की बाई स्वतः दुकानदाराचे सोंग घेऊन त्यास तोंडीच म्हणत, "समोर कोणी नाही, मी एकटीच खोळंबलेय." जो म्हणे, "मग आधी तुमचंच बघतो," तो फडात राही. एकट्यास जो मागे ढकली, त्यास बाई पुन्हा शिकवीत.

त्या साली चैत्रापासून चहूकडे एकच हाकाटी जाहली की, बुद्धिमान यंत्र आले, ज्यापाशी यंत्र नाही ते राज्य बुडाले. श्रीमंतांस धास्ती पडली, भांडवलवाले पाहुणे रोज पुसू लागले की तुमचे यंत्र कोठे आहे, आणि मग कौस्तुभपंत नामे यंत्र विकणाऱ्या पेढीचे एक वकील कोट घालून आले आणि पडद्यावर रंगीत चित्रे दाखवून बोलिले, "आमचा यंत्रकारकून झोपत नाही, रुसत नाही, रजा मागत नाही." श्रीमंत गादीसकट फिरले. मग अर्धा फड बरतर्फ जाहला, त्यात बाईंचे जुने जाणते रोहिदासजी केंजळे हेही गेले, आणि श्रीमंतांनी सर्वांस पडद्यावर बोलावून डोळ्यांस रुमाल लाविला, आणि रुमाल खाली येण्याच्या आत सर्वांचे परवलीचे शब्द बंद जाहले. उरल्या फडाचा निवाडा वर्षअखेरच्या दरबारी, बाईंची साक्ष घेऊन व्हावा, ऐसे ठरले. यंत्र उत्तम म्हणावे तर उरलेलेही घरी जाणार, आणि वाईट म्हणावे तर भांडवलवाले उठून जाणार, ऐशा पेचात बाई सापडल्या.

यंत्र उत्तरे देऊ लागले आणि ती उत्तरे इतकी चांगली की बाईंस झोप येईना. एक दिवस यंत्राने एका किराणावाल्यास पुसिले, "समोर किती जण खोळंबलेत?" बाई तडक वकिलांकडे गेल्या. वकील हसोन बोलिले, "अहो मॅडम, तुमच्याच जुन्या उत्तरांवर तर शिकवलंय त्याला. ते तुमच्यासारखंच बोलणार ना!" गोष्ट पटण्याजोगी होती, म्हणोनच बाईंचा संशय वाढला. मग बाईंनी कराडच्या एका वह्यापुस्तकांच्या दुकानाचे खोटे नाव घेतले आणि गाऱ्हाणे लिहिले. यंत्राने किती खोळंबलेत ते पुसिले. बाईंनी लिहिले, "समोर कोणी नाही, मी एकटीच खोळंबलेय." उत्तर आले, "मग आधी तुमचंच बघतो." ही परीक्षा तोंडी शिकवणीची, जुन्या उत्तरांत ती कोठेच नव्हती. मग अंमळ थांबून पडद्यावर उमटले, "मॅडम, तुम्हीच ना? मी केंजळे. इथं काही लिहू नका, फोन करतो."

फोन आला तेव्हा बाई जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. केंजळे बोलिले, "साताऱ्यात एका मंगल कार्यालयाच्या माडीवर बसतो आम्ही. सगळे आपलेच. वकिलांच्या माणसानं महिन्याभरात कामाला उचललं."

"आणि यंत्र?"

"आहे की. नमस्कार तेच म्हणतं. पुढचं आम्ही."

"अहो, मग जेवता कधी?"

"यंत्र कुठं जेवतं, मॅडम? एका हातानं घास, एका हातानं उत्तर. पण कुणाला सांगू नका. बोभाटा झाला तर दुसऱ्यांदा घरी बसू. पोरीची बारावी आहे."

बाईंस राग आला आणि रडूही आले, आणि राग कोणावर काढावा हे कळेना. त्या दिवसापासोन ज्याचे त्याचे तोंड बघून बाईंस वाटे, यास ठाऊक आहे काय, त्यास ठाऊक आहे काय.

दरबार भरला. भांडवलवाले आले, वकील नवा कोट घालून आले, आणि श्रीमंतांनी पुसिले, "बाई, खरं सांगा, कसं आहे यंत्र?" ज्या बाईंनी उभ्या जन्मात कोणा दुकानदारास खोटे सांगितले नव्हते, त्या उठोन स्वच्छ आवाजात बोलिल्या, "यंत्र उत्तम आहे. पण दुपारी फार तापतं. रोज तासभर त्याला थंड होऊ द्यावं लागेल, आणि तेवढा वेळ माझा उरलेला फड काम सांभाळेल. फड काढला तर यंत्र जळेल, जबाबदारी माझी नाही." वकिलांचे तोंड उतरले, परंतु यंत्र तापत नाही म्हणावे तर का तापत नाही हे सांगावे लागते, म्हणोन त्यांनीही मान डोलाविली. भांडवलवाले बोलिले, तापते म्हणजे ताकदीचे दिसते, आणि टाळ्या पडल्या. फड राहिला.

दरबार उठला, मंडळी फराळास गेली, आणि बाई कागद आवरीत होत्या तो श्रीमंत जवळ आले, इकडे तिकडे पाहिले आणि हळूच बोलिले, "बाई, तासभर पुरेल ना त्यांना जेवायला?"

येणेप्रमाणे त्या साली राज्यात यंत्राचा अंमल बसला, भांडवल आले, कोणाची चाकरी आणखी गेली नाही. बाई अद्याप फडावर आहेत, परंतु श्रीमंतांशी नजर मिळवीत नाहीत. इति.