गोलाच्या तोंडाशी म्हसोबा

किशनराव पाटलांनी तहसिलीचा उर्दू कागद वाचून दाखवला आणि ग्यानबा धनगराच्या तोंडचं पाणी पळालं. जवळच्या जंक्शनातल्या रेल्वेबाबूंच्या फुटबॉल क्लबाचं मैदान नव्या मालधक्क्याखाली गेलं होतं, आणि क्लब आता चुडावा गावच्या गायरानात येणार होता. त्याच गायरानावर ग्यानबाची चाळीस मेंढरं जगत होती. बाकी सगळं शिवार पिकाखाली. तिथं मेंढरू शिरलं की थेट कोंडवाडा.

“मालक, मेंढरं काय माझ्या डोस्क्यावर चारू?”

“सरकारी हुकूम हाय, ग्यानबा. पर गायरानात म्हसोबा हाय. त्याला इचारल्याबिगर कुणाच्या बापाला आत येता येत न्हाई. लाव कौल.”

ग्यानबाचा जीव भांड्यात पडला. म्हसोबाचा पुजारी तोच होता. ज्वारीचे दोन दाणे ओले करून देवाला चिकटवायचे. उजवा पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. आणि विचारायचं ते सालातून एकदाच.

“डावा नुसत्या पाण्यानं लावतो, उजवा गुळानं,” घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

“अवो, देवासंगं लबाडी?” कासाबाईनं कपाळाला हात लावला.

“लबाडी कशाची? देवाला जरा मदत करायलोय.”

कौलाला सारा गाव लोटला. क्लबाचे कप्तान, तारबाबू दिनकरराव, चकाकते बूट घालून आले होते. दाणे लागले. डाव्या दाण्यानं शेंदराला जी मिठी मारली ती सुटेना, आणि इकडं गुळाचा वास लागून धोंड्यामागून मुंगळ्यांची पलटण निघाली. चौघांनी उजवा दाणा खांद्यावर घेतला आणि खाली उतरवला. लोक लांब उभे होते, त्यांना मुंगळे काही दिसले नाहीत.

“देवानं उजवी दिली!” किशनराव गरजले. “दाणा नुसता टाकला न्हाई, आस्ते आस्ते धाडला!”

ग्यानबाला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“आता हा धोंडा तेवढा हलवा,” दिनकरराव म्हणाले. “गोलाच्या तोंडाशीच येतोय.”

गावानं कानांत बोटं घातली. कासाबाई पदर खोचून पुढं आली. “मैदानाचं इचारलं, देवाला उठायचं कुटं इचारलं? आता फुडल्या साली.”

एकीकडं नाला, दुसरीकडं रूळ. मैदान सरकवायला जागा नव्हती. म्हसोबा गोलाच्या तोंडाशीच राहिला.

पहिला सामना परभणीच्या बाबूंशी लागला. एक गडी चेंडू घेऊन गोलाजवळ पोचला, तोच अख्खा गाव ओरडला, “जोडे काढा! देव हाय!” बिचारा खाली बसून नाड्या सोडायला लागला, तोवर चेंडू दुसऱ्या टोकाला. अर्धा खेळ परभणीकरांनी नाड्या सोडल्या. बाजू बदलल्यावर जंक्शनवाल्यांनी. म्हसोबाच्या टोकाला गोल कुणाचाच होईना. गावाला मात्र असा तमाशा जन्मात पाहायला मिळाला नव्हता.

ग्यानबा देवाला चेंडू लागू नये म्हणून तिथंच उभा होता, पुजारी म्हणून अनवाणी. एकदा चेंडू घरंगळत अगदी म्हसोबाच्या पुढ्यात आला. “सरक तिकडं, भाड्या!” म्हणत त्यानं मेंढरं हाकून कमावलेल्या पायानं अशी लाथ घातली की चेंडू दोन्ही खांबांमधून पार नाल्यात. पंचानं तो गोल धरला नाही, पण दिनकररावांनी माणूस हेरला.

“ग्यानबा, क्लबात येतोस? बोल, काय पाहिजे?”

“मेंढरास्नी चराई.”

“मंजूर!”

त्या दिवशी ग्यानबा इतका खूश झाला, की घरी जाऊन त्यानं पायांना तेल चोळून घेतलं. पंधरा दिवसांत त्यानं नऊ गोल मारले. मधल्या दिवसांत मेंढरं मैदान चरत आणि गवतही बेताचं राही.

एक दिवस त्याचा चुलतभाऊ रायभान पाच शेळ्या घेऊन आत शिरला. ग्यानबा काठी घेऊन धावला.

“हो मागं! गायरान वाटलं व्हय? मैदान हाय हे!”

“आन् तुझी मेंढरं?”

ग्यानबानं मैदानभर पसरलेल्या चाळीस मेंढरांकडं पाहिलं. “ती क्लबाची हायती.”

रायभाननं शेळ्या मागं वळवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावांनी दार उघडलं, तर तो पायताण हातात घेऊन उभा. मागं अख्खा धनगरवाडा, झाडून सगळे अनवाणी, आणि त्यांच्या मागं शेळ्या.