सीपीए ओदेरोंची एकोणीस मिनिटं

"लांबलचक कारकीर्द कशानं होते? बूड टेकता आलं पाहिजे, बूड!" किसुमू शहरातल्या हॉटेलात मागच्या, वक्त्यांच्या दारानं शिरता शिरता मेशाक ओदेरो मुलीला बजावत होते. चौतीस वर्षांचे मुरलेले हिशेबनीस! नावाआधी 'सीपीए' ही पदवी लावल्याशिवाय ते ओच देत नसत. बायकोसुद्धा हाक मारायची, "सीपीए, जेवायला या, उगाली निवतेय!"

मुलगी अकेयो गेल्याच महिन्यात परीक्षा पास होऊन सीपीए झाली होती. आज हिशेबनिसांच्या संस्थेच्या दोन दिवसांच्या परिसंवादात बाबा नव्या पोरांना कारकिर्दीचे धडे देणार आणि त्यांची ओळख ती करून देणार. तिच्यासमोर आपली मान ताठ राहावी, एवढंच ओदेरोंना हवं होतं.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. सीपीए राहायचं तर दरवर्षी असे चाळीस तास परिसंवादांत बसून शिकावं लागतं. ओदेरोंची रीत सोपी होती. यायचं, वहीत सही ठोकायची, चहाबरोबर दोन समोसे हाणायचे, फुकटच्या पिशवीत आणखी दोन कोंबून ती काखोटीला मारायची आणि सटकायचं! यंदा संस्थेनं वही काढून दाराशी यंत्र बसवलं. येताना कार्ड लावा, जाताना लावा. ओदेरो पडले शिस्तीचे! दोन्ही वेळा न चुकता लावायचे.

अकेयो माइकसमोर उभी राहिली. "बाबा मला म्हणायचे, 'शिकताना खुर्ची सोडलीस तर याद राख!' त्यांची यंदाची हजेरी मी मुद्दाम मागवून घेतलीय. बघा आणि शिका!"

तिनं आधी उघडूनही पाहिलं नव्हतं. बापाची हजेरी, तपासायची कशाला? पडद्यावर ही मोठी अक्षरं उमटली. 'आत आठ बावन्न. बाहेर आठ सत्तावन्न.' अशा चार ओळी, आणि खाली 'एकूण शिक्षण: एकोणीस मिनिटं.'

मग मागून आवाज आला, "समोसा गरम असणार, नाहीतर पाच मिनिटं कशाला लागतील?" आणि हसण्याचा नुसता कल्लोळ!

"यंत्र बिघडलंय!" ओदेरो ओरडले.

"यंत्र ठणठणीत आहे हो, सीपीए," हजेरीवरच्या बाई म्हणाल्या. "पळून बरेच जातात. कार्ड लावून पळणारे तुम्ही एकटेच!"

अकेयो मात्र हसली नाही. ती पडद्याकडे बघतच राहिली, आणि ओदेरोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी भाषणाचा कागद खिशात कोंबला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. चहा झाला, समोसे नाकासमोरून गेले, जेवणाला तळलेल्या मासळीचा घमघमाट सुटला. गडी जागचा हलला नाही!

पाच वाजता त्यांनी दाराशी कार्ड लावलं. यंत्र केकाटलं, 'आत आल्याची नोंद नाही!' सकाळी आले होते ना मागच्या दारानं!

बाईंना दया आली. "जाऊ द्या. आठ तास मी हातानं लिहून टाकते."

ओदेरो सवयीनं "लिहा" म्हणणार, तोच मागे उभी असलेली अकेयो त्यांना दिसली.

"नको," ते पुटपुटले. "शून्यच राहू द्या. उद्या येतो. पुढच्या दारानं."

दोघं बाहेर पडली. मग अकेयो म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या पिशव्यांतूनच मी शाळेत वह्या न्यायचे. सगळ्या वह्यांना समोशाचा वास यायचा. मला वाटायचं, हिशेबाचा वास असाच असतो!"