शिर्केकाकांची जिलेबी

शिर्केकाकांनी एखाद्याला 'गोड माणूस' म्हटलं की आम्ही दाराची कडी लावून घेतो. इंदूरच्या मल्हारगंजात आमच्याच मजल्यावर राहतात, एकटे. मागे एका प्लंबरला 'फार गोड माणूस' म्हणाले. त्याने बाथरूमचा नळ काढला तो परत आलाच नाही.

लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आले तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. माझ्या आमटीला 'गोड' म्हणाले, मी फुलून गेले. ह्यांनी चाखली तर मीठच नव्हतं! 'गोडच' म्हटलं तर समोरचा खोटं बोलतोय, 'गोड गोड' म्हटलं तर भांडण पेटणार. एवढं कळल्यापासून मला त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची सवयच लागली. फक्त गेलेल्या काकूंबद्दल 'गोड होती ती' म्हणत, तेव्हा आवाज बसायचा.

दर रविवारी पोह्यांबरोबर सगळ्या मजल्याला जिलेबी त्यांचीच. स्वतः मात्र कणभर खात नाहीत. डायबिटीस असणार, असं मीच ठरवून त्यांना बिनसाखरेचा चहा देत आले. तोही ते मुकाट पीत आणि म्हणत, "गोड झालाय हो, सूनबाई."

या रविवारी जिलेबीचा पुडा हातात असतानाच काका जिन्यात मटकन खाली बसले. अंगाला दरदरून घाम. मी जिन्यातूनच खाली हाका मारल्या. खालचा मेडिकलवाला शुगर मोजायचं मशीन घेऊन धावत आला. "भाभीजी, शुगर भोत कम है! कुछ मीठा खिलाओ जल्दी!"

कम? रात्रीपासून पोटात काही नव्हतं म्हणे. मी पुडा उघडला, तर काकांनी मान फिरवली.

"अहो काका, डायबिटीस आहे ना तुम्हाला?"

"कोणी सांगितलं?"

"मग खा की! जीव टांगणीला लावलाय माझा!"

काका पुड्याकडे बघत राहिले. "कोरोनात ही गेली. सगळं बंद. तेराव्याला कोणी येऊ शकलं नाही. तोंड गोड करायचं राहूनच गेलं, सूनबाई. ते काय आपल्या हातानं करून घेतात?"

इतकी वर्षं हा माणूस सुतकातच बसला होता, आणि दर रविवारी आमची तोंडं गोड करत होता. मला रडूच फुटलं. तशीच जिलेबी मोडली आणि तुकडा त्यांच्या तोंडाशी धरला. काकांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बराच वेळ चघळत होते.

"कशी आहे, काका?"

आता 'गोड' म्हणतात की काय, या धास्तीनं मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"पाक जरा कम आहे," म्हणाले, आणि पुन्हा तोंड उघडलं.