पुडिंग नक्की कुणाच्या आईचं

"मला फक्त एक दुपार द्या, निकाल लावून देते," असं मोजपट्टीने जाहीर केलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा घाईने टाकला, हे पुढे कळायचं होतं.

मोजपट्टी म्हणजे या घरची थोरली सून. नाव तिला नवऱ्याच्या आत्याने ठेवलं होतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी तिला चहाच्या पावडरीचा चमचा सुरीच्या पात्याने सपाट करताना आत्याबाईंनी पाहिलं आणि बारसं करून टाकलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाटलीतल्या पाण्यात काय विरघळलंय ते शोधायचं आणि सापडलं तेवढंच सांगायचं, हा तिचा पेशा होता आणि स्वभावही.

भांडण पुडिंगवरून होतं. अंडी, दूध आणि साखर यांचं साधं, वाफेवर शिजवलेलं पुडिंग. डबा उपडा केला की तळातला करपवलेल्या साखरेचा तपकिरी थर वर येतो आणि ताटलीत ओघळतो, ते. धाकट्या दिराचं लग्न ठरलं त्या दिवशी सासूबाईंनी ते केलं होतं. मुलीच्या वडिलांनी वाटी पुन्हा पुढे केली आणि कौतुकाने विचारलं, "ही पद्धत कुणाची हो?"

"माझ्या आईची," सासूबाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी चमचा खाली ठेवला. "आईचीच," त्या म्हणाल्या. "पण माझ्या."

मग दोन्ही कथा निघाल्या. सासूबाईंची आई एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. एकदा वारा सुटला म्हणून ती वाळत घातलेल्या चादरी गोळा करायला गच्चीवर धावली. परत येते तो दूध आटून निम्मं झालेलं आणि शेजारच्या पातेल्यात साखर करपलेली. पन्नास पोरी जेवायला बसायच्या बेतात. तिने अंडी फेटली, सगळं एकावर एक ओतलं आणि झाकण ठेवलं. आत्याबाईंच्या आईकडे मात्र न सांगता पाहुणा आला होता. घरात कालचा पाव, जरासं दूध. पाहुणा इतका बोलका, की त्याला हं हं म्हणता म्हणता साखर काळी पडली. मग तिने पाव दुधात कुस्करून त्या साखरेवरच ओतला.

मोजपट्टीच्या मनात आलं, दोघींची कीर्ती गॅसकडे दुर्लक्ष केल्यामुळे झालेली दिसते. अंडी, दूध, साखर आणि मध्येच कुणीतरी हाक मारणारं, एवढं ज्या घरात असेल त्या घरात हे पुडिंग आपोआप जन्माला आलं असणार.

आत्याबाई अर्धी वाटी तशीच ठेवून गेल्या आणि निरोप आला, "माझ्या आईचं पुडिंग दुसऱ्याच्या नावावर वाढणार असाल, तर त्या लग्नात माझं काय काम?"

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी काही नाव बदलणार नाही."

इथपर्यंत ठीक होतं. रुसणं-फुगणं कुठल्या लग्नात नसतं. पण नवरदेवाने ते मनाला लावून घेतलं. सासूबाई इस्पितळात नर्स होत्या, पाळ्या असायच्या. तो लहानाचा मोठा झाला आत्याच्या घरी. तो म्हणाला, "आत्या नसेल तर मी लग्नाला उभा राहत नाही. पुढे ढकला." आणि खोलीत जाऊन बसला. मुलीकडच्यांना हे अजून कळलं नव्हतं. कळलं असतं तर पुढे ढकलायला काही उरलंच नसतं.

अशा वेळी मोजपट्टी पुढे झाली.

"दोघीही म्हणताहेत ना, घरचं पुडिंग डोळे मिटून ओळखू? मग ओळखू द्या," तिने नवऱ्याला समजावलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, घरात त्याला मास्तर म्हणत. "एक पुडिंग तुझ्या आजीच्या, म्हणजे आईंच्या आईच्या पद्धतीने. आटवलेलं दूध. दुसरं आत्याबाईंच्या आईच्या पद्धतीने. पाव. दोन वाट्या, क आणि ख. आपल्या घरात इतकी वर्षं जे होतंय त्याची चव कुठल्या वाटीला आहे, एवढंच दोघींनी सांगायचं. दोघींनी एकाच वाटीवर बोट ठेवलं की संपलं."

"आणि वेगवेगळ्या वाट्यांवर ठेवलं तर?"

"तर दोघींच्या आया बरोबर. तेही चालेल."

"अगं, पण ही आई आणि आत्या आहेत. पाण्याच्या बाटल्या नाहीत."

"म्हणून तर नीट करायला हवं," ती म्हणाली.

आणि तिने ते नीट केलं. फार नीट केलं. पावाचा कण दिसला तर आत्याबाई बघूनच ओळखतील, म्हणून तिने पाव दुधात भिजवून, वाटून, मलमलच्या फडक्यातून गाळला. आटवलेलं दूध जास्त पिवळं दिसेल, म्हणून बेताचंच आटवलं. साखर दोन्हीला एकाच पातेल्यात करपवून निम्मी निम्मी ओतली. दोन अगदी सारखे डबे कुकरमध्ये शिटी न लावता ठेवले आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या थर्मामीटरवर नजर खिळवून ती उभी राहिली, कारण मिश्रण उकळलं की अंड्याच्या गुठळ्या होतात. तेवढ्यात कुणीतरी दारावरची बेल वाजवली. ती जागची हलली नाही. तिच्या हातून या पदार्थाचा नवा इतिहास घडणार नव्हता.

कोणतं पुडिंग कुणाचं, हे वाढणाऱ्यालाही माहीत नसावं, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं, हा तिच्या कामातला नियम. म्हणून तिने आईंच्या डब्याला दोरा बांधला आणि मास्तरांना म्हणाली, "मी बाहेर जाते. तू दोरा काढ, डब्यांना क आणि ख चिठ्ठ्या लाव, आणि कुठला कुणाचा ते लक्षात ठेव. मला अजिबात सांगू नकोस."

मास्तरांनी चिठ्ठ्या सुरेख केल्या. क ला सावली दिली, ख ची गाठ सोनेरी रंगवली. आणि त्या झाकणांवर लावल्या.

चिठ्ठी भांड्याला लावायची, झाकणाला कधीच नाही, कारण झाकणं इकडची तिकडे होतात, हे प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. ते इतकं उघड आहे की सांगावं लागेल असं मोजपट्टीला वाटलंच नाही.

दुपारी आत्याबाई आल्या. पर्स मांडीवर घेऊन, खुर्चीच्या कडेवर, म्हणजे उठायला सोपं पडेल अशा बसल्या. समोर सासूबाई. मध्ये नवरदेव, कारण दोघी एकमेकींशी त्याच्यामार्फत बोलत होत्या.

"त्यांना विचार, पंखा लावायचा का," सासूबाई म्हणाल्या.

"तिला सांग, मला उकडत नाही."

"आत्या, ती समोरच बसलीये," नवरदेव म्हणाला.

स्वयंपाकघरात मास्तरांनी दोन्ही झाकणं काढून सिंकमध्ये टाकली, कामाला शिस्त हवी म्हणून. मग एक डबा ताटलीवर उपडा केला. पुडिंग अंग चोरून बाहेर आलं आणि थरथरत उभं राहिलं. छान. दुसरा डबा घेतला. याचं पुडिंग सुटेना. त्यांनी डबा आपटला, सुरी फिरवली, पुन्हा उपडा धरून हलवला, आणि ते सुटलं. फक्त त्या क्षणी डबा ताटलीवर नव्हता, सिंकवर होता. सिंकमध्ये सकाळच्या भांड्यांचं साबणाचं पाणी होतं.

मोजपट्टी आवाज ऐकून आत आली. तिने फेसाकडे पाहिलं.

"कुठलं पडलं?" तिने विचारलं. नियम गेला खड्ड्यात.

"क. म्हणजे... झाकणं काढली तेव्हा क डावीकडे होता."

"कुणाच्या डावीकडे?"

मास्तर ओट्याकडे तोंड करून उभे राहिले, मग पाठ करून उभे राहिले. "तेच आठवत नाहीये," ते म्हणाले. "मध्ये मी एकदा डबे सरकवले पण होते. ओटा पुसायला."

तिने उरलेल्या पुडिंगचा कोपरा चाखला. पाण्यातला क्षार जिभेवर ओळखणारी ती, तिने पुन्हा चाखला.

"पाव लागतोय?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"लागतोय बहुतेक."

"आणि आटवलेलं दूध?"

"तेही लागतंय."

दिसू नये, कळू नये म्हणून तिने इतकं काही गाळलं, वाटलं आणि सारखं केलं होतं, की आता ते तिलाच कळत नव्हतं. पुन्हा करावं, तर पुडिंग थंड होऊन घट्ट बसायला संध्याकाळ होणार. आणि खुर्चीच्या कडेवर कुणी संध्याकाळपर्यंत बसत नाही.

"सांगून टाकूया?" मास्तर म्हणाले.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "त्यांना सांग, नसेल होत तर मी निघते."

मोजपट्टीने उरलेल्या एकाच पुडिंगचे तुकडे सगळ्या वाट्यांत घातले. निम्म्या क च्या बाजूला, निम्म्या ख च्या. दोघी वेगवेगळी वाटी निवडतील, दोन्ही आया बरोबर ठरतील, आणि हे गुपित सिंकबरोबर वाहून जाईल. सारख्याच दोन वाट्यांतून दोन माणसं काय निवडतील याचा तिने हिशेब केला आणि तो बरा निघाला. फक्त तो अनोळखी माणसांसाठी होता. एकमेकींच्या घरात अर्धं आयुष्य काढलेल्या नणंद-भावजयींसाठी नव्हता.

आत्याबाईंनी क चाखली, नाक मुरडलं. "पचपचीत."

सासूबाईंनी क चाखली. "त्यांना सांग, या बाबतीत मला काही म्हणायचं नाही."

मग ख. आत्याबाईंनी डोळे मिटले. सासूबाईंचा चमचा तोंडातच राहिला.

"ही," आत्याबाई म्हणाल्या.

"हीच," सासूबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी मोजपट्टीकडे.

"वहिनी," नवरदेव उठून उभा राहिला, "ख कुणाची?"

प्रयोगशाळेत बाटली कुठून आली ते कळेनासं झालं की ती ओतून देतात आणि नवी मागवतात. इथे काय ओतून देणार? सासूबाईंचं नाव घेतलं तर पर्स उठली. आत्याबाईंचं घेतलं तर ज्या घरात रोज राहायचं तिथे रोज राहायचं होतंच. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असे बघत होते, जणू त्यात सुटीचा दिवस सापडणार होता. आणि दीर तिच्याकडे बघत होता.

"माझी," ती म्हणाली.

"तुझी म्हणजे?"

"दोन्ही वाट्या माझ्याच. दोन्हींत एकच पुडिंग आहे." इथवर तरी सगळं खरं होतं. पुढचं तिचं तिलाच परक्याच्या आवाजात ऐकू आलं. "खरी चाचणी घ्यायच्या आधी चव बघणाऱ्यांची जीभ तपासून घेतात. तशी पद्धत आहे."

आत्याबाईंनी वाटी दूर सारली.

"म्हणजे," आत्याबाई सावकाश म्हणाल्या, "हिने आमची परीक्षा घेतली?"

"माझी?" सासूबाई म्हणाल्या. "हिला गॅस पेटवायला मी शिकवलं."

आत्याबाई सासूबाईंकडे वळल्या. "वहिनी, खरं सांगू? मला पहिल्याच चमच्याला संशय आला होता."

"वन्सं, मलाही. मी बोलले नाही, पोरीला वाईट वाटेल म्हणून."

"साखर कच्ची."

"अंड्याचा वास मारतोय."

"हे कसलं पुडिंग? औषध आहे. आपल्या घरात असलं कधी झालंय?"

"कधीच नाही. तुमच्या आई असत्या तर..."

"आणि तुमच्या असत्या तर? उठा वहिनी, दूध आहे ना घरात? आणि पाव बघा कालचा."

पर्स खुर्चीवर राहिली आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने आतून दूध आटल्याचा वास आला, मग साखर करपल्याचा. मध्येच आत्याबाईंचा आवाज आला, "हिच्या हातात लग्नाचं पुडिंग देणार होतात की काय?"

"छे हो. तुम्ही येणार म्हटल्यावर..."

"यावंच लागणार. चार दिवस आधीच येते. लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

नवरदेवाने मोजपट्टीचा हात धरून हलवला. मास्तर तिच्याजवळ सरकून पुटपुटले, "पण ते नक्की कुठलं होतं गं?"

"पुन्हा विचारू नकोस," ती म्हणाली आणि वाट्या गोळा करू लागली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. पुडिंगच्या टेबलामागे दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. पाव घातलेला होता आणि दूधही आटवलेलं होतं, आणि कुणी पद्धत कुणाची म्हणून विचारलं की दोघी मिळून एकच कथा सांगत होत्या. तीत वसतिगृह नव्हतं, बोलका पाहुणा नव्हता. थोरल्या सुनेने एकदा काय करून ठेवलं होतं आणि ते आम्ही दोघींनी कसं निस्तरलं, एवढंच होतं. पाहुण्यागणिक त्यात अंड्याचा वास वाढत होता.

मोजपट्टी वाटी घेऊन रांगेत उभी होती. पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "त्या तुम्हीच ना? मनाला लावून घेऊ नका, बेटा. येतं हळूहळू."

ज्या बाईने उभ्या आयुष्यात कुणाला चुकीचा आकडा सांगितला नव्हता, तिने मान खाली घातली.

"हो काका," ती म्हणाली, "प्रयत्न चालू आहे."